निळ्या पाण्याचं माप

"वहिनी, अण्णा हल्ली दुपारी चारलाच दिवे लावून बसतात. जरा लक्ष असू द्या हं त्यांच्याकडे."

धाकटी नणंद माहेरपण उरकून परत निघाली, तेव्हा दारात चपला घालता घालता हे बोलून गेली होती. वहिनीनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. कडेवर लेक रडत होती, गॅसवरचं दूध उतू जायच्या बेतात होतं, आणि लेकी माहेरून निघताना काही ना काही बोलून जातातच. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आपल्या घराण्यात कोणीतरी दिवे लावतंय, हेच खूप झालं." दोघं हसली आणि विषय तिथंच संपला.

अण्णा म्हणजे तिचे सासरे. ते ज्या हॅचरीत कामाला होते, तिथंच तीही लग्नानंतर लागली. समुद्राच्या कडेला एक लांबलचक पत्र्याची शेड, आत ओळीनं गोल टाक्या, आणि शेडच्या मागे मातीचे बांध घालून केलेली उथळ तळी. इथं कालवांची पिल्लं तयार होतात. मोठी कालवं कोमट पाण्यात ठेवली की ती पाण्यातच बीज सोडतात, आणि त्यातून धुळीच्या कणाएवढी पिल्लं निघतात. काही आठवडे ती पोहत राहतात, मग एके दिवशी पाय बाहेर काढून एखाद्या शिंपल्याला कायमची चिकटतात. एकदा चिकटली की जिंकलो. तोवर ती पिल्लं म्हणजे निव्वळ जिवाला घोर. पाण्यात एक जंतू शिरला की अख्खी टाकी आडवी.

तिनं कॉलेजात विज्ञान घेतलं होतं, म्हणून साहेबांनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. टाकीतलं थेंबभर पाणी काचेवर घ्यायचं, पिल्लं पोहतायत का, खातायत का, ते बघायचं. हे काम तिला मानवलं होतं. काळजी करण्याचा पगार मिळतो, असं ती म्हणायची. लेक झाल्यावर तिला घेऊनच ती कामावर येऊ लागली. पॅकिंगच्या खोलीत कालवांचा एक रिकामा क्रेट घासूनपुसून, आत दुपटी घालून त्यांनी पाळणा केला होता. अण्णा नातीला 'मोठ्या साहेब' म्हणत, कारण खऱ्या साहेबांच्या हाकेला कोणी उठलं नाही तरी हिच्या हाकेला सगळी शेड उठायची.

अण्णांचं काम मात्र या सगळ्याहून वेगळं. ते निळं पाणी देत.

मागच्या तळ्यात थंडीच्या दिवसांत एक शेवाळ धरतं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारं, होडीसारखं निमुळतं. ते आपल्या अंगातला निळा रंग पाण्यात सोडत राहतं. त्या तळ्यात ठेवलेल्या कालवांचे कल्ले हिरवे होतात, आणि हौशी खाणारे तीच मुद्दाम मागून नेतात. पण अण्णांनी तरुणपणी आणखी एक गोष्ट हेरली होती. त्या निळ्या पाण्यातली पिल्लं सहसा आजारी पडत नाहीत. बाकीच्या टाक्या साथीनं साफ झाल्या तरी निळं पाणी मिसळलेली टाकी तगायची. पुढं शहरातून अभ्यासाला आलेल्या लोकांनी सांगितलं की त्या रंगातच जंतूंना रोखायचा गुण आहे. अण्णा म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आम्ही उगाचच पिल्लं जगवत होतो."

तेव्हापासून ते शेवाळ मोठ्या काचेच्या बरण्यांतून वाढवत, आणि बरणीतलं पाणी गाळून टाकीत सोडत. फक्त माप सांभाळावं लागे. कमी पडलं तर जंतू, जास्त झालं तर तोच रंग पिल्लांच्या अंगात भरतो, त्यांची खाण्याची चाळण तुंबते, तोंडं मिटतात, आणि ती उपाशी मरतात. क्षार मोजायला यंत्र होतं, ऊब मोजायला यंत्र होतं. रंगाला यंत्र नव्हतं. रंगाला अण्णा होते. पांढऱ्या कपात टाकीतलं पाणी घ्यायचं, खिडकीच्या उजेडात धरायचं, मान तिरकी करून बघायचं, आणि "अजून" किंवा "बस". त्या एका शब्दावर हॅचरी चालायची.

आणि मग पिल्लं मरायला लागली.

पहिली टाकी गेली तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. दुसरी गेली तेव्हा साहेबांनी पाण्याचा पंप उघडून बघितला. तिसरी गेली तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काचेवर तिला दिसे ते विचित्रच होतं. जंतूंनी मेलेली पिल्लं फाटतात, विरघळतात. ही मात्र जशीच्या तशी, शिंपली घट्ट मिटून तळाशी बसलेली, कुणावर रुसल्यासारखी. आणि त्यांचा रंग तिला निळसर वाटे. पण हल्ली तिला काय काय वाटे, त्याचा तिलाच भरवसा नव्हता. लेकीला दात येत होते. सलग झोप कशाला म्हणतात हे ती विसरली होती. दोन दिवसांपूर्वीच तिनं चहात साखर समजून मीठ घातलं होतं, आणि नवऱ्यानं तो मुकाट्यानं प्यायला होता, हे जास्त काळजीचं.

साहेब तसे भले माणूस, पण घाबरले की मोघम बोलत. "तसं नाही म्हणत मी," ते म्हणाले, "पण लहान मूल असलेल्या घरात... म्हणजे तेल आलं, पावडर आली, औषधं आली... हातांना काहीबाही लागतंच."

"मी हात धुऊनच येते, साहेब."

"हो हो, धुताच तुम्ही. कोण नाही म्हणतंय?"

म्हणजे तेच म्हणत होते. चोराच्या मनात चांदणं, तसं तिचं झालं. चोरी केलेली नसताना. टाकीपाशी वाकताना केसांतून काही पडत असेल का? लेकीच्या तोंडातली लाळ खांद्यावर लागते, ती पाण्यात गेली असेल का? तिनं लेकीचं मालिशचं तेल बंद केलं. साबण बदलला, मग साबणच सोडला. क्लोरीनच्या पाण्यात हात बुचकळून बुचकळून तिच्या बोटांची सालं निघाली. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "तू व्हॅनमध्ये डिझेल भरतोस आणि त्याच हातानं माझा डबा देतोस. त्यातून तर नसेल?"

"आता मलाही क्लोरीनमध्ये बुडवून काढ," तो म्हणाला. तो हॅचरीची व्हॅन चालवत असे. "वाळत घालताना फक्त चिमटे कानाला लाव. नाकाला नको."

तिला हसू आलं नाही.

चौथ्या टाकीच्या वेळी साहेबांनी तिला दोन आठवडे घरी राहायला सांगितलं. 'विश्रांती घ्या' असा शब्द वापरला. "टाकी अण्णा बघतील. एकच हात लागू दे. म्हणजे निदान कळेल तरी."

काय कळेल, ते दोघांनाही ठाऊक होतं. ते दोन आठवडे ती घरात भिंती मोजत फिरली. अण्णा संध्याकाळी आले की ती त्यांच्या तोंडाकडे बघे. पिल्लं जगावीत असं तिला मनापासून वाटे, आणि जगली तर आपणच मारत होतो हे सिद्ध होईल, हेही तिला कळत होतं. देवाकडे नक्की काय मागावं, हेच तिला उमजेना. शेवटी तिनं काहीच मागितलं नाही.

टाकी गेली. आधीच्यांपेक्षा लवकर गेली.

तिला आधी हलकं वाटलं. मग अण्णांकडे बघून त्या हलकेपणाची लाज वाटली. अण्णा खुर्चीत बसून स्वतःचे दोन्ही तळवे उलटेपालटे करून बघत होते, ती बघायची तसे. "पोरी, मला काही समजेनासं झालंय," ते म्हणाले. "पाणी तेच, शेवाळ तेच, मी तोच. मग हे काय झालंय?"

साहेबांनी तिला परत बोलावलं. "तुम्ही असताना मरतात, नसताना मरतात. मग या तरी." आणि मग खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, "हे बघा, मोठी कालवं या हंगामात आता एकदाच बीज देतील. ही शेवटची टाकी. हीही गेली तर वरचे लोक पिल्लांची खोली बंद करणार. बी, म्हणजे तयार पिल्लंच, बाहेरून विकत आणू, म्हणतात. मग सूक्ष्मदर्शकाचं काम उरत नाही, आणि निळ्या पाण्याचंही नाही. तुमच्या घरातले दोघं एकदम... मला काही बरं वाटत नाही हे बोलायला."

कोणालाच बरं वाटत नव्हतं. शेवटच्या टाकीतली पिल्लं निघाली ती मात्र दृष्ट लागावी अशी. काचेवर बघितलं तर नुसती भिंगरी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा निळ्या पाण्याची बरणी आणि पांढरा कप घेऊन टाकीपाशी आले.

त्यांनी आधी टाकीतलं बादलीभर पाणी काढून त्यात बरणीतलं सोडलं, ढवळलं, कप भरला, खिडकीपाशी धरला. "अजून," ते स्वतःशी म्हणाले. पुन्हा सोडलं, पुन्हा धरलं. "अजून."

ती मागेच उभी होती. इतकी वर्षं ती या वेळी सूक्ष्मदर्शकापाशी असायची. कपाकडे बघायचं काम तिचं नव्हतंच. आज पिल्लांचा पिच्छा सोडवेना म्हणून ती इथं उभी राहिली. कपात तिला स्वच्छ निळं दिसत होतं. फिकं नाही, हलकं नाही. शाईचा थेंब पडावा तसं.

"अण्णा, गडद नाही वाटत?"

"गडद?" अण्णांनी कप तिच्यापुढं धरला. "अगं, हे तर साधं पाणी आहे. रंगाचा पत्ता नाही अजून."

तिनं डोळे चोळले. पुन्हा बघितलं. निळं. डोकं वाकडं करून बघितलं, एक डोळा मिटून बघितलं. निळंच.

"मला निळं दिसतंय."

"तुला झोप हवीय," अण्णा मायेनं म्हणाले. "चार महिने धड झोपली नाहीस तू. तुझ्या सासूलाही असंच व्हायचं. तुझा नवरा तान्हा होता तेव्हा तिला दारात माणसं उभी दिसायची."

आणि तिला ते पटलं. खरंच पटलं. ज्या माणसानं अर्धं आयुष्य त्या कपात बघण्यात घालवलं, त्याला पाणी दिसतंय. आणि जिला साखर आणि मीठ कळत नाही, तिला निळं दिसतंय. यात चूक कोणाची असणार, हे काय सांगायला हवं? तिला मात्र वेगळीच शंका आली. डोळे बिघडलेत म्हणजे सूक्ष्मदर्शकातूनही चुकीचं बघत होतो का आपण? निळसर पिल्लं, मिटलेल्या शिंपल्या, सगळं डोळ्यांचाच खेळ? आणि लेकीच्या अंगावर परवा जे पुरळ दिसलं, तेही होतं की नव्हतं?

"अण्णा, माझं एक ऐका. आजचा दिवस नका घालू अजून. काल निघालेली पिल्लं आहेत, दिवसभर तगतील. मी डोळे दाखवून येते, मग घाला."

"पिल्लांचा आणि तुझ्या डोळ्यांचा काय संबंध?"

"काही नाही. पण मला चैन पडणार नाही."

अण्णा हसले. "बरं बाई. मोठ्या साहेबांना कोण घेणार? मीच येतो बरोबर."

निघताना तिनं त्याच बादलीतलं पाणी एका बाटलीत भरून घेतलं. पांढरा कपही पिशवीत टाकला. डॉक्टरांना दाखवून विचारायचं, की मला हे जे दिसतंय ते कशामुळे?

डोळ्यांच्या दवाखान्यात गर्दी होती. भिंतीला टेकून ठेवलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात गुरगुरणारा पंखा, डोळ्यांत औषध घालून मिटून बसलेली माणसं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तिला अक्षरं वाचायला लावली, भिंगातून आरपार बघितलं, ठिपक्यांच्या चित्रांत लपलेले आकडे ओळखायला लावले. मग म्हणाल्या, "तुमचे डोळे उत्तम आहेत. डोळ्यांखालचं मात्र बघवत नाही. झोपता की नाही?"

"मग मला नसलेला रंग का दिसतो?"

तिनं पिशवीतून कप काढला, बाटलीतलं पाणी ओतलं, आणि टेबलावर ठेवला. बाहेर लेकीनं भोकाड पसरलं होतं, म्हणून अण्णा तिला थोपटत आत आले आणि दाराशीच उभे राहिले.

डॉक्टरीणबाईंनी कपात बघितलं. "नसलेला कसा? निळं आहे की."

"निळं?"

"चांगलं निळं आहे. काय आहे हे?" त्यांनी चिठ्ठ्या देणाऱ्या मदतनिसाला हाक मारली. "अहो, याचा रंग सांगा बरं."

"निळा," तो म्हणाला. "कपडे धुवायची नीळ आहे का?"

बाहेरच्या बाकावरच्या एक आजी उत्सुकतेनं उठून आत आल्या. "बघू बघू. हो की गं बाई, निळं आहे."

अण्णा पुढं आले. मोठ्या साहेबांना एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, कपात वाकून बघितलं. आजींकडे बघितलं, मदतनिसाकडे बघितलं, शेवटी सुनेकडे बघितलं.

"तुम्हा सगळ्यांना झालंय काय?" ते म्हणाले. "पाणी आहे हे. साधं पाणी."

आजींनी हळूच पाय मागे घेतला.

"बाबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाला द्या आईकडे. आणि इथं जरा हनुवटी टेकवा."

आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं झालं होतं. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आणि तोही असा, की अण्णा पेपर वाचू शकत होते, सुईत दोरा ओवू शकत होते, लांबून येणाऱ्याची चालही ओळखत होते. "डोळ्याच्या आतलं भिंग पिवळं-तपकिरी होत जातं," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "चहाच्या रंगाच्या काचेतून बघावं तसं. ती काच निळा रंग आधी गिळते. इतकं हळूहळू होतं की माणसाला वाटतं, जगच जरा फिकं झालंय. ऑपरेशन सोपं आहे."

परतताना लेक तिच्या खांद्यावर झोपली होती. रस्ताभर ती मनात जुळवत होती: कपात निळं दिसेपर्यंत ते ओतत राहायचे, दर महिन्याला काच जरा जास्त तपकिरी, दर महिन्याला पाणी जरा जास्त. तिचा हात नाही. तेल नाही, साबण नाही, लाळ नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत मात्र होतं ते असं, की कोणीतरी तिच्या हातातलं ओझं काढून शेजारच्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवलंय, आणि ते तिनं बघायचंय.

हॅचरीच्या फाटकापाशी अण्णा थांबले.

"हे फाटक कुठल्या रंगाचं आहे?"

"निळं आहे, अण्णा."

"अजून?"

"तुम्हीच रंगवलंत ना."

"मला वाटलं, रंग उडाला. राखाडी झालंय." त्यांनी लोखंडावर बोट फिरवलं. "या हिवाळ्यात पुन्हा रंगवायचं म्हणत होतो."

ते आत आले आणि खुर्चीत बसले. टाकी दिवसभर निळ्या पाण्यावाचून होती. तिनं थेंब काचेवर घेतला. भिंगऱ्या मंदावल्या होत्या. कडेकडेला दोन-चार पिल्लं फाटलेली, आणि त्यांच्याभोवती जंतूंची वळवळ. निळं घातलं नाही तर उद्यापर्यंत हे पसरणार, जास्त घातलं तर पुन्हा तेच. आणि माप ज्याच्या डोळ्यांत होतं, त्याचे डोळे आज गेले होते.

"अण्णा, चला. घालायला हवं."

"तू घाल. तुला दिसतं."

"मला दिसतं, पण कुठं थांबायचं ते माहीत नाही!"

"मला माहीत आहे, पण दिसत नाही," अण्णा म्हणाले, आणि इतक्या वेळानं पहिल्यांदा त्यांच्या ओठांची कड हलली. "जोडी बरी जमलीय आपली."

ते उठले. त्यांनी बरणी धरली, तिनं कप. ते थोडं सोडत, ढवळत. ती कप बुडवून खिडकीपाशी धरे. "काय दिसतं?"

"निळं. अगदी हलकं."

"हलकं म्हणजे कसं? हलकं कोणीही म्हणेल."

"पावसानंतरच्या आभाळासारखं?"

"आभाळ रोज वेगळं असतं, पोरी. असं काहीतरी सांग, जे रोज तेच असतं."

ती गोंधळून गेली. कपात रंग होता आणि तिच्याकडे शब्द नव्हता. जे रोज तेच असतं असं तिच्या आयुष्यात सध्या काय होतं? मग तिचं लक्ष टाकीशेजारी आणून ठेवलेल्या क्रेटमध्ये झोपलेल्या लेकीकडे गेलं. कानशिलाजवळ, पातळ कातडीखाली एक शीर होती. जन्मल्यापासून ती शीर ती रोज बघत आली होती. जास्त गडद तर नाही ना, काही दुखत तर नाही ना, म्हणून. तो निळा रंग तिला झोपेतही ओळखता आला असता.

"मोठ्या साहेबांच्या कानशिलावरची शीर," ती म्हणाली. "तिच्याहून थोडं फिकं."

अण्णांनी बरणी खाली ठेवली. नातीजवळ गेले, वाकले, बराच वेळ बघत राहिले. त्यांना ती शीर दिसली की नाही, हे तिनं विचारलं नाही. "तान्ह्या पोराच्या कानशिलासारखा," ते शेवटी म्हणाले. "अगदी तसाच असायचा. तुझा नवरा पाळण्यात असताना मीही..." वाक्य तिथंच राहिलं. "शिरेएवढं होऊ दे. त्यापुढं एक थेंब नको."

त्यांनी ओतलं. तिनं बघितलं. "अजून." पुन्हा ओतलं. "अजून." आणि मग, स्वतःच्याच आवाजावर विश्वास नसलेल्या आवाजात, "बस."

त्यांचा हात तिथल्या तिथं थांबला. त्यांना कपात काहीच दिसत नव्हतं, तरी थांबला.

पिल्लं लगेच काही नाचायला लागली नाहीत. आधी दिवसभर काहीच कळेना. मग वळवळ कमी झाली, मग भिंगऱ्या पुन्हा सुरू झाल्या, पण मध्येच एखाद्या सकाळी तिला वाटे, पुन्हा निळसर दिसतायत, आणि ती धावत अण्णांना बोलावी, आणि अण्णा म्हणत, "मला काय विचारतेस?" साहेब रोज दाराशी येत, "तसं नाही म्हणत मी, पण कसं आहे?" म्हणत, आणि उत्तर न ऐकताच जात.

पिल्लं अजून पोहतच होती, तेव्हा अण्णांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून ते थेट शेडमध्ये आले, काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि कप हातात घेतला.

"अगं, हे काय केलंस!" ते ओरडले. "किती निळं! मारशील सगळ्यांना!"

तिनं कपात वाकून बघितलं. "अण्णा, रोजच्याइतकंच आहे."

त्यांनी नवा डोळा मिटला. "पाणी," म्हणाले. जुना मिटला. "शाई." पुन्हा नवा मिटला. "पाणी." ते सुनेच्या पांढऱ्या कोटाकडे वळले. "हाही निळा. भिंतही निळी. येताना साहेबांचं टक्कलसुद्धा निळसर दिसलं मला. आता यातला खरा कुठला?"

तिलाही सांगता येईना. त्यांचा एक डोळा पाणी म्हणत होता, एक शाई, आणि तिचा तिसरंच काही. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, होतं असं. इतकी वर्षं अडवलेला निळा एकदम आत शिरतो, सवय व्हायला वेळ लागतो. पण पिल्लांना कुठं वेळ होता? अण्णा म्हणत होते, अर्धं पाणी बदल. त्यांचा आवाज जुन्या अण्णांसारखा ठाम झाला होता, आणि त्या आवाजापुढं मान डोलवायची तिला सवय होती.

तिनं कप त्यांच्या हातातून काढून घेतला. "नाही, अण्णा," ती म्हणाली. सासऱ्यांना तिनं पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. "आज पिल्लांना विचारू."

थेंब काचेवर घेतला. बराच वेळ तिला नुसती धूळ दिसली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसलं. काचेच्या मधोमध एक पिल्लू पोहायचं थांबलं होतं. गेलं, असं तिला वाटलं. मग त्याची शिंपली किलकिली झाली, आणि आतून जिभेसारखा एक पारदर्शक पाय बाहेर आला, काच चाचपू लागला. त्याच्या शेजारी दुसरं. तिसरंही. सगळी जागा शोधत होती. चिकटायला.

ती उठली आणि अण्णांना खुर्चीत बसवलं. "नव्या डोळ्यानं बघा."

ते बघत राहिले. साहेब दाराशी आले, आणि या वेळी उत्तर ऐकेपर्यंत थांबले.

टाकी वाचली. खोली राहिली. अण्णांचा दुसरा डोळा अजून व्हायचाय, आणि तोवर कप तिच्याच हातात आहे. अण्णा येताजाता एकेक डोळा मिटून कपाकडे बघतात आणि मान हलवतात.

पण तिचा घोर काही संपला नाही. तिची आई लांब, एकटी राहते. स्वतःच्या गोळ्या रंगावरून ओळखून घेते. पिवळी सकाळी, निळी रात्री. तिनं फोन करून विचारलं, "आई, तुला नीट दिसतं ना?" आई म्हणाली, "मला सगळं दिसतं." अण्णांनाही सगळं दिसत होतं. या वाक्याचं करायचं काय, ते तिला कळत नाही, आणि हिवाळा संपेपर्यंत टाकी सोडून जाता येत नाही. तुम्हाला मात्र जाता येत असेल. तुमच्या ओळखीत कोणीतरी असेलच, जे हल्ली सगळ्यालाच फिकं म्हणतं आणि तरी सगळं दिसतं म्हणतं. त्यांना फोन करू नका. आज जमलं तर जाऊन या, शेजारी बसा, समोरची कुठलीही वस्तू दोघांनी मिळून बघा, आणि आपण काय बघतोय ते न सांगता त्यांना विचारा, त्यांना काय दिसतंय ते.